पालिकेच्या शाळेत सरस्वतीपूजन: करावं का, आणि करायचं तर कुठपर्यंत?

चेंबूरची_आई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लेक महापालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीला आहे. यंदा मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं. (पालकसभेला वेळेवर पोचलं की असं होतं.)

दसरा जवळ आलाय. परवा वर्गाच्या ग्रुपवर मेसेज पडला: आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन, मुलांनी पाटी आणि झेंडूची फुलं आणावीत, मुलींनी परकर-पोलकं घालावं, प्रत्येकी पन्नास रुपये वर्गशिक्षिकांकडे जमा करावेत. नेहमीप्रमाणे हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. त्या रांगेत एका मुलाच्या वडिलांनी लिहिलं, "आमच्या घरी मूर्तिपूजा करत नाहीत. पूजेच्या वेळी मुलगा वर्गात बसून अभ्यास करेल, चालेल ना?" एवढंच. तक्रारीचा सूर नाही, काही नाही.

ग्रुप पाच मिनिटं गप्प. मग सुरू झालं. "लहान मुलांत कशाला आणता हे सगळं?", "आम्ही नाताळला नाही का पाठवत मुलांना?" वगैरे. शेवटी शाळेकडून उत्तर आलं: "त्या दिवशी नाही आला तरी चालेल. हजेरी लावू."

सगळे सुटल्यासारखे झाले. मला मात्र तेच वाक्य खटकतंय. आमच्या घरी दसऱ्याला पुस्तकांची पूजा होते, मला पूजेचं वावडं नाही. पण आपण सगळ्यांच्या करातून चालणाऱ्या शाळेबद्दल बोलतोय. तिथे वर्षातला एखादा दिवस असा असावा का, की त्या दिवशी काही मुलांना "नाही आलात तरी चालेल" असं सांगावं लागतं?

पुढच्या आठवड्यात बैठक आहे आणि हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. तुमच्या शाळांत काय करतात? कृपया राजकारण नको. (हे लिहून उपयोग नसतो, माहीत आहे.)

बोरीवली_फास्ट

जागा पकडून बसलोय. दोनशे प्रतिसाद नक्की.

गिरगावकर

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही नसलेला प्रश्न उकरून काढताय. पाटीवर एकच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती ही महाराष्ट्राची खास गोष्ट आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं ती काढत आली. त्यात देव किती आणि चित्रकला किती? मुलाने अभ्यासाच्या साधनांचा वर्षातून एकदा मान राखला तर संविधानावर कसलं संकट येतं?

आणि दरवेळी प्रश्न आपल्याच सणांवर का? काही कॉन्व्हेंट शाळा गणपतीच्या दिवसांत चाचणी परीक्षा ठेवतात, तेव्हा पालकांना शिक्षण खात्यापर्यंत जावं लागतं. तिथे कुणी निधर्मीपणा काढत नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. सरकार ज्याला उत्सव म्हणतं तो सरकारी शाळेत चालणार नाही, हा कुठला न्याय?

काळा_कोट

कायद्यापुरतं लिहितो, बाकीच्यात पडत नाही.

संविधानाचं कलम २८(१): पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. कलम १२ प्रमाणे स्थानिक संस्थाही 'राज्या'त मोडते, म्हणजे महापालिका आलीच. कलम २८(३): मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला त्याच्या संमतीवाचून लावता येत नाही, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे गिरगावकर म्हणतात त्या कॉन्व्हेंटवालेही यातून सुटत नाहीत. अल्पसंख्याकांना कलम ३० खाली संस्था चालवायचा हक्क आहे, दुसऱ्याच्या मुलाला प्रार्थनेला बसवायचा नाही.

आता 'शिक्षण' म्हणजे काय? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात सांगितलं की धर्मांविषयी शिकवणं वेगळं आणि धर्माचं शिक्षण देणं वेगळं. पहिल्याला हरकत नाही. दसरा का साजरा होतो, ईद का होते, हे सांगायला कायद्याची आडकाठी नाही. हातात कुंकवाची वाटी दिली की ती उपासना, असं माझं मत.

आपल्या घरचंच उदाहरण. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला, म्हणून संस्थेने त्याची वेतनवाढ अडवली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, अशी सक्ती करता येत नाही म्हणून. शिक्षकाला जे लागू, ते आठ वर्षांच्या मुलाला जास्तच लागू. केंद्रीय विद्यालयांतल्या संस्कृत प्रार्थनेचा वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाकडे पाठवला, तो वेगळाच.

गिरगावकर

वकीलसाहेब, सक्ती कुठे झाली? शाळेने तर "येऊ नका" म्हटलं!

काळा_कोट

तेच तर. "पूजेला बस नाहीतर घरी बस" याला मी तरी मोकळी संमती म्हणणार नाही.

मास्तर_एम_पूर्व

गोवंडी-मानखुर्द भागात पालिकेचा शिक्षक आहे. मराठी माध्यम. तुमच्या चर्चेत एक गोष्ट कुणी धरलीच नाही, ती सांगतो.

पालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. पुष्कळ ठिकाणी इमारत एकच आणि शाळा तीन-चार. आमच्या इमारतीत तळमजल्याला हिंदी, पहिल्याला उर्दू, दुसऱ्याला मराठी. जिना एक, पाण्याची टाकी एक, मैदान म्हणाल तर पत्र्याच्या शेडपुढची मोकळी जागा, तीही एकच. दसऱ्याला माझ्या मजल्यावर झेंडूच्या माळा. खाली उर्दूत सीरतवर (पैगंबरांच्या चरित्रावर) भाषणं आणि नात, म्हणजे त्यांच्या स्तुतीची गाणी. कुणाचा कुणाला त्रास नाही, कारण कुणाचं कुणाला काही माहीतच नसतं. उर्दूची पोरं वर डोकावली की आमच्या बाई त्यांना हाकलतात, आमची खाली गेली की त्यांच्या. रमजानमध्ये उर्दू शाळेची वेळ बदलते, त्यांची घंटा आधी वाजते, आणि माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, ती लवकर कशी सुटली?" सगळ्या वर्षात दुसऱ्याच्या धर्माबद्दल मी जे खरंखुरं शिकवतो, ते त्या प्रश्नाच्या उत्तरात. त्यासाठी मखर लागत नाही.

तुम्ही म्हणता तो प्रश्न पेटतो तो पालिकेच्या इंग्रजी शाळांत. २०२० नंतर मुंबई पब्लिक स्कूल नावाने सीबीएसई वगैरे बोर्डं आली आणि पहिल्यांदाच एका वर्गात सगळीकडची मुलं बसायला लागली. इतकी वर्षं माध्यमांनीच धर्म वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवले होते.

दुसरी गोष्ट. शाळेतला सण मुलांसाठी असतो असं तुम्हाला वाटतं? तो फोटोसाठी असतो. योग दिन, वाचन प्रेरणा दिन, संविधान दिन, आषाढीची दिंडी, शाडूच्या मातीची कार्यशाळा. प्रत्येकाचे फोटो संध्याकाळच्या आत लिंकवर चढवायचे, सोबत अहवाल. बॅनरवर शाळेचं नाव दिसलंच पाहिजे. माळा, रांगोळी, प्रसाद हा खर्च बाई स्वतःच्या पर्समधून करतात, नाहीतर असे पन्नास-पन्नास रुपये काढतात. गंमत म्हणजे पाटी आता एकाही पोराकडे नसते. आमच्या गल्लीतला स्टेशनरीवाला दसऱ्याच्या आठवड्यात पाट्या आणून ठेवतो. पूजेपुरती घ्यायची, नंतर तिच्यावर आईची धुण्याची यादी.

बोरीवली_फास्ट

धुण्याची यादी 😂 मास्तर, दंडवत.

वरळी_बीडीडी

लिहू की नको करत होतो.

मी पालिकेच्या मराठी शाळेतलाच. आमची चाळ म्हणजे निम्मी निळी, निम्मी भगवी. इथे सगळे हिंदू-मुसलमान, हिंदू-ख्रिश्चन असंच बोलताहेत. मराठी माध्यमाच्या वर्गात मुसलमान पोर आधीच क्वचित. मग सरस्वतीपूजनात अडचण कुणाची होते? आमची. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, तो दिवस विजयादशमीचाच होता. बावीस प्रतिज्ञांत देवदेवतांची उपासना करणार नाही हे स्पष्ट आहे, गौरी-गणपतीचं तर नाव घेऊन. म्हणजे ज्या आठवड्यात आमची आई-वडील मंडळी दीक्षाभूमीची गाडी पकडायला दादर स्टेशनवर पिशव्या घेऊन बसलेली, त्याच आठवड्यात शाळेत पाटीपूजन.

चित्र काढायला मला आवडायचं. एकच्या आकड्यांची सरस्वती माझी वर्गात सगळ्यांत सरळ यायची, बाई ती उचलून दाखवायच्या. मग हळदकुंकवाची वाटी रांगेतून फिरायची. वाटी माझ्यापर्यंत आली की मी ती पुढे सरकवायचो. बाई बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. चांगल्या होत्या त्या. पण बाकावर शेजारी बसणारा मोठ्याने विचारायचा, "तू का नाही लावत?"

त्याला फक्त कारण हवं होतं. आणि ते द्यायला मला भर वर्गात माझी जात सांगावी लागली असती.

गिरगावकर विचारतात देव किती आणि चित्रकला किती. चित्रकला वाटी येईपर्यंत. तिथवर मी पण होतो की.

गिरगावकर

तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मग सरळ विचारतो, रागावू नका. १४ एप्रिलला शाळेत जयंती होते. हार, अगरबत्ती, नारळ. माझ्या मुलाला ते नको असेल तर?

वरळी_बीडीडी

रागावत नाही. अगरबत्ती आणि नारळ बंद करा, मी तुमच्याबरोबर सही करतो. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं होतं की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. ज्या माणसाने हे सांगितलं त्याच्या तसबिरीपुढे उदबत्ती ओवाळायची? त्यांच्याबद्दल बोला, वाचा, वाद घाला. ओवाळू नका.

मुरुड_ते_मुंब्रा

मी कोकणी मुसलमान, घरी कोकणी-मराठी, राहते मुंब्र्याला पण मुलगी आजीकडे मुंबईत शिकते. माझी तक्रार थोडी उलटी आहे.

तिच्या शाळेत सगळे सण करतात, अगदी रांगेने. समान न्याय. ईदच्या आधी टीचरनी फोन केला, "शीरखुर्मा पाठवाल का?" पाठवला, डबा भरून, आनंदाने. मुलीला टेबलासमोर उभं केलं आणि सांगितलं, "आज हिने आपल्याला ईदबद्दल सांगायचं." ती आठ वर्षांची. तिला ईद म्हणजे नवे कपडे, ईदी आणि चुलतभावंडं. पहिल्याच मुलाने विचारलं, "तुम्ही बकरा कापता ती हीच का?" ती गप्प. घरी येऊन मला म्हणाली, पुढच्या वेळी डबा नको देऊस.

गणपतीला मात्र कुठल्याच मुलाला उभं करून विचारत नाहीत की हे काय आहे ते समजावून सांग. तो सगळ्यांना माहीतच असतो, असं धरलेलं. "सगळ्यांचे सण करा" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं. तीस मुलांत आमची दोन. बाकीच्यांसाठी तो सण. आमच्या मुलीसाठी तोंडी परीक्षा.

तरी माझं म्हणणं बंद करा असं नाही. टीचरने स्वतः वाचून सांगावं. ती शिकवायला आहे ना? डबा मी देईन.

चेंबूरची_आई

हा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. बैठकीत "मग आपण ईद पण करू, नाताळ पण करू" हेच उत्तर मिळणार याची मला खात्री आहे, तेव्हा हे वाचून दाखवते.

आगेरा_आंटी

ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिकांपैकी, वांद्र्याची. घरात मराठीच, आमच्या पद्धतीची. नाताळचं एवढं उदाहरण देताय म्हणून.

बाबांनो, तुमच्या शाळांत नाताळ म्हणजे कापसाची दाढी आणि लाल टोपी. येशू त्यात कुठेच नसतो. कुणी तुमच्या मुलांना गुडघ्यावर बसवून प्रार्थना म्हणायला लावतं का? नाही ना? मग "आम्ही नाताळला पाठवतो" म्हणजे तुम्ही मुलाला चॉकलेट खायला पाठवता. त्यात मोठेपणा कसला? माझी सासू तर म्हणायची, सांताक्लॉज हा दुकानदारांचा संत. आमचा खरा शेतीचा सण आगेरा, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, नवीन भाताची कणसं चर्चमध्ये नेतो. ते कुठल्या शाळेला माहीत आहे?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. एका तासाला आम्ही कॅथलिक मुली कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाला) जायचो, बाकीच्या मॉरल सायन्सला. दोन वर्ग, दोन टीचर. कुणाला घरी बसवलं नाही. सकाळची प्रार्थना मात्र सगळ्यांना म्हणायला लावायचे, ते चूकच होतं असं आता वाटतं.

जर्सीकर

अमेरिकेतून. इथे हा वाद साठ वर्षं जुना आहे. १९६२ च्या एंगेल विरुद्ध व्हिटाले खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळेत अधिकृत प्रार्थना घ्यायला बंदी केली, अगदी कुठल्याही पंथाची नसलेली असली तरी, आणि ज्याला नको त्याला गप्प राहायची मुभा असली तरी. पुढच्याच वर्षी बायबलवाचनही गेलं. पण त्याच १९६३ च्या निकालात म्हटलंय की धर्माचा अभ्यास म्हणून अभ्यास करायला हरकत नाही.

"नको असेल तर बाहेर जा" ही सवलत पुरत नाही, हे इथल्या न्यायाधीशांनी तेव्हाच ओळखलं. चेंबूरच्या ताईंना खटकलंय ते हेच.

सुट्ट्यांच्या बाबतीत मात्र इथे उलट वारं आहे. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी २०१५ पासून ईदची सुट्टी दिली, आणि दिवाळीसाठी १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा शाळा बंद राहिल्या. सुट्टी द्या, सण घरी करू द्या. आमच्या मुलाच्या शाळेत दिवाळीला पणत्या रंगवतात, आरती नाही. डिसेंबरच्या कार्यक्रमाला 'हिवाळी मैफल' म्हणतात.

गिरगावकर

अमेरिकेचं कौतुक पुरे. त्यांच्या नोटेवर देवाचं नाव छापलेलं असतं.

जर्सीकर

ते खरं आहे. :)

जुनं_दादर

गिरगावकरांनी "पिढ्यान्‌पिढ्या" म्हटलं म्हणून थोडा इतिहास. लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणेशोत्सव सार्वजनिक केला, पण सार्वजनिक म्हणजे सगळ्यांचा असं आपोआप झालं नाही. १९२६ मध्ये आमच्या दादरमध्ये त्यावरूनच जुंपली. वर्गणी अस्पृश्यांकडूनही घेता, मग पूजेचा हक्क का नाही, असा सवाल घेऊन प्रबोधनकार ठाकरे, रावबहादूर बोले आणि डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्या वादातूनच पुढे प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला.

बोले तेच, ज्यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला: सरकारी पैशातली पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली करा. शाळेचं दार सगळ्यांना उघडण्यासाठी या शहरात माणसांना ठराव करावा लागलाय. म्हणून "नाही आला तरी चालेल" हे वाक्य हलकं वाटत नाही.

लालबागचा_लाल्या

एवढा इतिहास कुणी विचारला? पोरांना मजा करू द्या. आमच्यासारख्या दहा बाय बाराच्या खोलीतून येणाऱ्या पोरांना सण म्हणजेच काय तो रंग. सगळं काढून टाकलंत तर शाळेत उरतं काय, खिचडी आणि हजेरी? तुमची पोरं वीकेंडला मॉलमध्ये जातात. आमची नाही जात.

मास्तर_एम_पूर्व

लाल्याशी पूर्ण सहमत, आणि हे गंमतीने म्हणत नाही. आमच्या पोरांनी वर्षात एकदाच नवे कपडे घालून शाळेत यायचं ते याच दिवशी. कुठल्याशा नियमाने मी ते काढून घेतलं तर पोरं मला कधी माफ करणार नाहीत. मी आषाढीला दिंडी काढतो. पालखीत पुस्तकं ठेवतो, टाळ वाजतात, वर्गातला सगळ्यांत मस्तीखोर पोरगा विठोबा होतो, कमरेवर हात ठेवून दहा मिनिटं स्थिर उभा राहतो. हा चमत्कार तुम्ही बघायला या. पण आरती नाही आणि पाया पडणं नाही. मागे एकदा एक पालक पाया पडायला पुढे आल्या तर विठोबाच घाबरून पळाला.

दक्षिण_मुंबईकर

२०२२ मध्ये छगन भुजबळ म्हणाले होते की शाळांत सरस्वतीऐवजी फुले-शाहू-आंबेडकरांच्या तसबिरी लावा. केवढा गदारोळ! आणि २०१६ मध्ये पालिका शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करायचा ठराव आला तेव्हाही तसाच. दोन्ही वेळा आठवडाभर टीव्हीवर नेते भांडले. वर्गात काय झालं हे कुणी दाखवलं नाही.

भगवा_तुफान

*[हा प्रतिसाद काढून टाकला आहे.]*

व्यवस्थापक

व्यक्तिगत शेरे नकोत. समाजाच्या नावाने शिव्या तर अजिबात नकोत. आणखी एक असा प्रतिसाद आला की धागा वाचनमात्र होईल.

बोरीवली_फास्ट

एवढा वेळ टिकला तेच नवल.

चेंबूरची_आई

बैठक झाली. लांबलचक लिहीत नाही, दमलेय.

आधी वकीलसाहेबांचं कलम २८ वाचून दाखवलं. कुणावर काही परिणाम नाही. एक जण म्हणाले, कायदा आपल्या जागी. मग मुंब्र्याच्या ताईंचा शीरखुर्म्याचा किस्सा सांगितला (नाव-गाव न सांगता), तेव्हा दोन आया एकदम बोलायला लागल्या. एकीची मुलगी तमिळ आहे, तिला पोंगलला असंच उभं केलं होतं. दुसरी मारवाडी जैन. तिच्या मुलाला कुणीतरी पर्युषणावरून "तू बटाटा का नाही खात" म्हणून डब्याच्या सुट्टीत छळतं. म्हणजे कोपऱ्यात सापडलेली मुलं आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त निघाली, आणि त्यांतली बरीच हिंदूच.

ठरलं ते असं. पन्नास रुपये परत. त्या दिवशी सगळ्यांनी यायचं, घरी राहायची सूट नाही. पाटीवर आकड्यांची सरस्वती ज्याला काढायची तो काढेल, ज्याला दुसरं काही आकड्यांनी काढायचं तो ते काढेल. कुंकू, आरती, प्रसाद वर्गात नाही. मोठ्या बाई म्हणाल्या की त्यांच्या खोलीत शिक्षक दरवर्षी छोटी पूजा करतात, ती सुटीनंतर करतील. ते बंद करा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगते. पूजेच्या जागी अंगणात भोंडला, मुलगे-मुली दोघंही. एक सभासद सही न करता उठून गेले. ग्रुपवर त्यांचे मेसेज अजून येताहेत.

काळा_कोट

शाळेची खोली, शाळेचे शिक्षक, म्हणजे सुटीनंतरची पूजाही मला पूर्ण पटत नाही. पण मुलं त्यात नाहीत, तेव्हा तूर्त सोडा. इतिवृत्तात "सर्व पालकांच्या संमतीने" असं लिहू देऊ नका. सर्वांची नाहीये.

गिरगावकर

म्हणजे पूजा काढलीच. माझा विरोध नोंदवून ठेवा. सगळ्यांनी यायचं हे मात्र बरं केलंत. "येऊ नका" मलाही आवडलं नव्हतं.

चेंबूरची_आई

धन्यवाद. आता नवीन अडचण. त्या मुलाच्या वडिलांनी अगदी सौम्यपणे विचारलंय: "भोंडल्यात मध्ये हत्ती ठेवतात ना? त्याची पूजा करतात का?" काय सांगू?

जुनं_दादर

आमच्या आईच्या वेळी पाटावर हत्ती काढायचे, हळदकुंकू वाहायचे, मग फेर. हस्त नक्षत्राचा हत्ती.

लालबागचा_लाल्या

आता हत्तीपण नको??

वरळी_बीडीडी

हत्ती आम्हाला चालतो. बसपाचं चिन्ह आहे. 😄

मास्तर_एम_पूर्व

ताई, खडूने जमिनीवर मोठा हत्ती काढा. मुलांकडूनच काढून घ्या, सोंडेवरून भांडतील तेवढाच वेळ जातो. हळदकुंकू नको. त्या वडिलांना आधी तसं कळवा, आणि जमलं तर त्यांनाच बोलवा खिरापत वाटायला. खिरापत झाकून आणायची, मुलांनी ओळखायची, हा भाग अजिबात सोडू नका. सगळा भोंडला त्यासाठीच असतो. शेंगदाण्याचं काही करणार असाल तर आधी वर्गात अ‍ॅलर्जी कुणाला आहे ते विचारून घ्या, आमच्याकडे एकदा पोराचे ओठ सुजले होते.

मुरुड_ते_मुंब्रा

खिरापतीला खोबऱ्याच्या वड्या करा. कोकणातल्या आहेत, कुणीही ओळखणार नाही असं मुद्दाम गुलाबी रंग घालून करा. रेसिपी हवी तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.